मुलांचे पोट आणि डॉक्टरांची दुर्बीण

श्रोतेहो, व्यासपीठावरून इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे तो बहुधा राज्यांचा, लढायांचा आणि तहांचा असतो. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो फारसा कोणी सांगत नाही. लहान मुलाच्या पोटात काय चालले आहे, हे माणसाला आतून पाहता कसे येऊ लागले, याचा तो इतिहास आहे. डॉक्टरमंडळी ज्या तपासणीला एंडोस्कोपी म्हणतात आणि आपले वऱ्हाडातले लोक ‘दुर्बीण टाकणे’ म्हणतात, तिची ही हकीकत आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या, गिरणीच्या आणि हमालीच्या कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. मग हा विषय आमच्याकडे कसा आला? तो आमच्या धंद्यातूनच आला. कामगाराची तक्रार कितीही खरी असो, तिच्यामागे पुरावा नसला की ती कागदासकट परत येते. ‘पोरगं पोट धरून रडतं, म्हणून आलो नाही,’ असे सांगणाऱ्या बापाचा खाडा मांडला जातो, आणि ते कारण बहाणा ठरते. घरी त्याच पोराला आई म्हणते, ‘शाळा चुकवायची आहे म्हणून पोट दुखते.’ म्हणजे बापाच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही तक्रारीवर विश्वास ठेवणारा कोणी नाही. मोठा माणूस निदान दुखते कोठे, कसे, केव्हापासून हे सांगू शकतो. लहान मूल बेंबीवर हात ठेवते आणि रडते. या तक्रारीला पुरावा कसा मिळाला आणि त्या पुराव्याने पुढे काय काय दाखविले, हे पाहण्याजोगे आहे.

पुरावा नसताना आपल्याकडे काय होत असे, ते आधी पाहू. पोट आतून दिसत नाही, तेव्हा उपाय बाहेरून. ओवा, हिंग, बाळंतशेपा हे घरगुती उपाय निरुपद्रवी होते. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरणे हेही चालत असे. परंतु गोष्ट तेथेच थांबत नसे. बिब्बा तापवून पोटावर ठिपके देण्याची चाल आपल्या गावोगावी होती, आणि साठी-सत्तरी गाठलेल्या पुष्कळ माणसांच्या पोटावर त्या ठिपक्यांच्या खुणा आजही सापडतील. मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांत बाळाचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने त्याच्या पोटावर डाग देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. ही चाल इतिहासजमा झालेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे डाग दिल्याचे उघडकीस आले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तथापि, डाग देणाऱ्या घराला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. ज्याला आत पाहता येत नाही आणि आत पाहू शकणाऱ्यापर्यंत जाता येत नाही, तो बाहेरूनच काहीतरी करणार. आणि खरे सांगावयाचे, तर दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या राजधान्यांतले डॉक्टरदेखील पोटाच्या बाहेरच उभे होते.

जिवंत माणसाच्या जठरात काय चालते, हे पहिल्याने नीट पाहिले गेले ते एका मजुराच्या पोटात. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापारी कंपनीत होडी वल्हविणारा अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा मजूर होता. ६ जून १८२२ रोजी बंदुकीचा बार चुकून उडाला आणि त्याच्या पोटाला भोक पडले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले. जखम भरली, परंतु जठराचे तोंड बाहेर उघडेच राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, आणि अन्न कसे पचते ते लिहून ठेवले. १८३३ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पचनाच्या शास्त्राचा पाया त्यावर रचला गेला.

या गोष्टीची दुसरी बाजू आम्हांला कामगार म्हणून दिसते. सेंट मार्टिन हा त्या डॉक्टरांच्या घरी लाकडे फोडणारा गडीही होता. १८३२ साली त्याच्याशी करार झाला, त्यात वर्षाला दीडशे डॉलर आणि जेवणखाण ठरले. त्या मोबदल्यात त्याने आपले पोट प्रयोगाला द्यावयाचे. तो कितीदा तरी पळून आपल्या मुलुखात गेला. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम काही दिवस ठेवून खराब होऊ दिले आणि मग खोल पुरले. शास्त्राला त्याच्या पोटाने पुष्कळ दिले, परंतु त्याची संमती गरजेपोटी होती. ज्याच्या पोटात पाहावयाचे त्याला समजावून, विचारून पाहावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. मुलाच्या बाबतीत तर तो दुप्पट लागू पडतो.

भोक न पाडता, तोंडावाटे आत पाहावे ही खटपट निराळ्या वाटेने चालू होती. १८०६ साली फ्रँकफुर्टचे तरुण डॉक्टर फिलिप बोझिनी यांनी मेणबत्ती आणि आरसा बसविलेली एक नळी तयार केली. शरीराच्या पोकळीत प्रकाश नेणारे ते पहिले साधन. परंतु व्हिएन्नाच्या वैद्यकीय पंडितांनी ते पुढे जाऊ दिले नाही, आणि बोझिनी १८०९ साली साथीच्या तापाने गेले. पुढे १८६८ साली फ्रायबुर्गचे प्राध्यापक आडोल्फ कुसमाउल यांना एक युक्ती सुचली. आपण जत्रेत तलवार गिळणारा पाहतो, तसाच एक खेळकरी त्यांनी बोलावला आणि ४७ सेंटीमीटर लांबीची सरळ नळी त्याला गिळावयास लावली. मान मागे टाकली म्हणजे तोंडापासून जठरापर्यंत नळी जाऊ शकते, हे सिद्ध झाले. मात्र आत अंधार होता, दिव्याचा उजेड तेथवर पोचेना. पोटासाठी जत्रेत तलवार गिळणाऱ्या माणसाने विज्ञानाला वाट दाखविली, याची नोंद आम्हांला महत्त्वाची वाटते. १८८१ साली व्हिएन्नात मिकुलिच यांनी लायटर नावाच्या कारागिराच्या मदतीने विजेचा उजेड आत नेला. परंतु नळी ताठच होती. ती मोठ्या माणसाला कशीबशी सोसे, मुलाला कशी सोसावी?

१९३२ साली म्यूनिकचे रुडोल्फ शिंडलर यांनी खालचा भाग वाकेल अशी, अनेक भिंगे बसविलेली नळी वापरात आणली. तपासणी चालू असता त्यांच्या पत्नी रोग्याचे डोके हातांत धरून त्याला धीर देत असत. या कामात यंत्राइतकाच धीर देणारा हातही लागतो, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. नाझी राजवटीने शिंडलर यांना तुरुंगात टाकले. १९३४ साली ते शिकागोला गेले आणि त्यांच्याबरोबर ही विद्याही अमेरिकेत गेली.

मुलांच्या अन्ननलिकेत उतरण्याचा मान मात्र एका निराळ्या माणसाला आहे. चेव्हालिअर जॅक्सन हे पिट्सबर्गला जन्मलेले डॉक्टर. मुलांनी गिळलेल्या किंवा श्वासाबरोबर ओढलेल्या वस्तू नळीतून चिमट्याने काढण्यात त्यांनी हयात घालविली. टाचण्या, नाणी, बटणे, खेळण्यांचे तुकडे अशा दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या, आणि त्या फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. हे काम करताना त्यांना आणखी काहीतरी दिसले. कपडे-भांडी धुण्यासाठी घरोघर दाहक क्षार येत असे. तो साखरेसारखा दिसे, डब्यावर धोक्याची सूचना नसे. मुले तो तोंडात टाकत, अन्ननलिका भाजे आणि नंतर आकसून बंद होई. अशा एका लहान मुलीची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. कित्येक दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नव्हता. त्यांनी नळी घालून अडकलेला घाण गोळा काढला. मुलीने पाण्याचा घोट घेतला, तो खाली गेला. आणखी एक घेतला. मग पेला बाजूला सारून तिने डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि त्याचे चुंबन घेतले.

जॅक्सन येथे थांबते, तर ते नुसते एक कुशल शस्त्रवैद्य ठरले असते. मुलांच्या घशात पाहिलेला पुरावा घेऊन ते कायदेमंडळांच्या दारात गेले. वर्षानुवर्षे खटपट केली. अखेर १९२७ साली अमेरिकेत दाहक विषांच्या डब्यांवर ‘विष’ असा शब्द आणि उतारा छापण्याची सक्ती करणारा कायदा झाला. श्रोतेहो, आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. दुर्बीण आत रोग दाखविते, परंतु त्या रोगाचे मूळ घर पुष्कळदा बाहेर असते. जो आत पाहून बाहेरही पाहतो, त्याचेच पाहणे पुरे झाले असे म्हणावे.

आता नळी मऊ कशी झाली ते पाहू. येथे आपल्या देशाचे नाव येते. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले, आग्र्याला शिकलेले नरिंदर सिंग कपानी लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करीत होते. काचेचे केसासारखे बारीक हजारो तंतू एकत्र बांधले आणि त्यांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवला, तर प्रकाशाबरोबर चित्रही वाकड्या वाटेने नेता येते, हे या दोघांनी २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. कपानी २०२० साली वारले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ यांनी मिशिगन विद्यापीठात त्या कल्पनेची नळी करावयास घेतली. एका तंतूतला प्रकाश शेजारच्या तंतूत पाझरे आणि चित्र पुसट होई. लॅरी कर्टिस नावाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर दुसऱ्या काचेचे वेष्टण चढविले आणि अडचण मिटली. १९५७ च्या फेब्रुवारीत ती नळी हिर्शोविट्झ यांनी आधी स्वतः गिळली आणि मगच रोग्याला दिली. सेंट मार्टिनपासून येथवर नीतीचा जो प्रवास झाला, तो आपल्या ध्यानात यावा.

त्याच सुमारास जपान दुसऱ्या वाटेने चालला होता. तेथे जठराच्या कर्करोगाने फार माणसे मरत. १९५० साली डॉक्टर तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे तंत्रज्ञ सुगिउरा व फुकामी यांनी पोटात उतरणारा इवलासा कॅमेराच तयार केला. पुढे तंतू आणि कॅमेरा यांचा संगम झाला. १९७० नंतरच्या दशकात मुलांसाठी मुद्दाम बारीक नळ्या निघाल्या, आणि १९८३ साली टोकालाच चित्र टिपणारा विजेचा तुकडा बसविलेली नळी अमेरिकेत आली. तेव्हापासून पोट पडद्यावर दिसू लागले. पूर्वी नळीच्या टोकाला एकच डोळा लागत असे. आता डॉक्टर, परिचारिका, शिकाऊ विद्यार्थी सर्वजण एकदम पाहू शकतात. आज मोठ्या माणसाची नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर जाडीची असते, तर तान्ह्या बाळाची ५ ते ६ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक.

या नळीने मुलांच्या पोटात काय दाखविले? पहिली गोष्ट गव्हाची. काही मुले सतत हगवणीने खंगतात, पोट पुढे येते, हातपाय काडीसारखे होतात. हॉलंडचे बालवैद्य विलेम डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, तेव्हा अशी मुले उलट सुधारली. पाव परत आला आणि दुखणेही परतले. १९५० साली त्यांनी हे प्रबंधात मांडले. हा सीलिॲक रोग. त्यात लहान आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजून सपाट होते. ती पाहण्यासाठी १९५७ पासून बारीक नळीला जोडलेली एक कुपी मुलाला गिळवीत आणि ती आतड्यात पोचेपर्यंत तासन्‌तास वाट पाहत. दुर्बिणीने तेच काम काही मिनिटांवर आणले. नळीतून बारीक चिमटा जातो आणि टाचणीच्या डोक्याएवढे चार-सहा तुकडे घेतो. मुलाला ते दुखत नाही. अलीकडे रक्ताच्या तपासणीतला आकडा फारच वर असला, तर काही मुलांत तुकडा न घेताही निदान करतात. गहू मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात हा रोग अधिक आढळतो. आपले वऱ्हाड भाकरीचे, आणि ज्वारीत तो दोष नाही. परंतु आता आपल्या घरीही पोळी रोजची झाली आहे. तेव्हा वाढ खुंटलेल्या, रक्त कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत हा रोग डॉक्टरांच्या मनात यावयास हवा.

दुसरी गोष्ट जंतूची. जठरातले व्रण काळजीने आणि तिखटाने होतात, असे सारे जग मानीत होते. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना दुर्बिणीने काढलेल्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसले. १९८२ साली बॅरी मार्शल यांनी ते वाढविले आणि १९८४ साली स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा हेलिकोबॅक्टर जंतू बहुधा बालपणीच, दाटीवाटीच्या घरांत, अस्वच्छ पाण्याच्या आणि हातांच्या वाटेने पोटात शिरतो. ज्यांच्या पोटात तो असतो त्यांपैकी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून दिसला की औषध असेही नाही. परंतु मुलाला व्रण झालेला दिसला, तर हा जंतू शोधून मारावा लागतो.

तिसरी गोष्ट रक्ताच्या उलटीची. आपल्या देशात मुलाला एकाएकी भडभडून रक्ताची उलटी होते, तेव्हा पुष्कळदा यकृताकडे जाणारी शीर गुठळीने बंद झालेली असते आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. येथे दुर्बीण निदान करते आणि उपचारही करते. त्याच नळीतून फुगलेल्या शिरेला रबराचे बारीक कडे घालता येते, किंवा औषध टोचता येते. गिळलेल्या वस्तूंचेही तसेच. नाणे जठरात उतरले तर बहुधा शौचावाटे जाते, परंतु घड्याळ-खेळण्यांतला चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती भाजू लागते. तेथे ‘उद्या पाहू’ चालत नाही. आणि आतड्याच्या सुरवातीलाच चिकटून रक्त पिणारे आकडीकृमीदेखील दुर्बिणीत कधी कधी प्रत्यक्ष वळवळताना दिसतात.

आता जॅक्सन यांनी दाखविलेली रीत या सर्वांना लावून पाहा. जंताचे घर कोठे? शेतातल्या शौचाच्या जागी आणि अनवाणी पायांत. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंताची गोळी देण्याचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो, तो एवढ्यासाठीच. जंतूचे घर कोठे? पाण्याच्या हंड्यात आणि दाटीत. आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावाचे उकिरडे झाडीत हिंडले. १९५६ साली ते गेले. त्यांनी दुर्बीण कधी पाहिली नसेल, परंतु दुर्बिणीला जे आत सापडते त्याचे बाहेरचे घर ते झाडीत होते. भाजलेल्या अन्ननलिकेचे घर कोठे? शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवलेल्या ॲसिडमध्ये. पुण्याचा दाखला तर याहूनही बोलका आहे. आपल्या देशात लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा रोग होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याचा माग काढला. मुलांच्या यकृतात तांबे साचले होते, आणि ते येत होते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापविलेल्या, ठेवलेल्या दुधातून. भांडी बदलली आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. यकृताचा तुकडा सुईने काढला, पण उत्तर स्वयंपाकघरात सापडले.

मात्र एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. दुर्बीण निघाली म्हणून प्रत्येक पोटदुखीला ती घालावयाची, असे नव्हे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे बालवैद्य जॉन अ‍ॅपली यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली आणि १९५८ साली सांगितले की, सुमारे दहांतल्या एका मुलाचे पोट पुन:पुन्हा दुखते, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात काही रोग सापडतो. बाकीच्यांची दुखणी खोटी नसतात. मन आणि आतडी यांचा संबंध निकटचा आहे. शाळेतला मार, घरातले भांडण, परीक्षेची भीती ही पोटात दुखते. अशा मुलाला नळीची गरज नसते, त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेण्याची असते. आमच्या विदर्भात आणखी एक भान ठेवावे लागते. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाचे पोट त्या आजारामुळेही मरणाचे दुखते, आणि ते शोधावयास रक्ताची साधी तपासणी लागते. २०२३ च्या जुलैपासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू झाली आहे.

मग दुर्बीण केव्हा? रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले, घास गिळताना अडकतो, उलट्या थांबत नाहीत, वजन घटते किंवा उंची वाढत नाही, रक्त कमी राहते, दुखण्याने मूल झोपेतून उठते, तर अशा वेळी आई-बापांनी अंगारे-धुपारे आणि दुकानातल्या गोळ्या बाजूला ठेवून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टर आधी हाताने तपासतील, रक्त, शौच, सोनोग्राफी पाहतील, आणि जरूर वाटली तर दुर्बीण सुचवतील. तपासणीपूर्वी मुलाला सुमारे सहा तास अन्न देत नाहीत. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. मुलाला गुंगीचे औषध किंवा पूर्ण भूल देतात, म्हणून भूलतज्ज्ञ हजर लागतो. नळी तोंडातून जाते, श्वासनळीला अडवीत नाही. काम बहुधा दहा-पंधरा मिनिटांत उरकते. नंतर घसा थोडा खवखवतो. रक्तस्राव किंवा छिद्र पडणे हे धोके आहेत, पण ते विरळा. मुलाला आधी खरे सांगावे. ‘काही नाही रे, नुसता फोटो काढायचा आहे,’ असे सांगून फसविलेले मूल पुढच्या खेपेस कोणत्याच डॉक्टरवर विश्वास ठेवीत नाही.

आता आपल्या गावांकडे येऊ. अमरावतीस इर्विन रुग्णालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय आहे, आणि त्याला जोडून २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या खर्चाच्या उपचारांसाठी राज्याने विम्याची योजना २०१२ च्या जुलैत पहिल्याने ज्या आठ जिल्ह्यांत आणली, त्यांत अमरावती होता. तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने राज्यभर झाली. तेव्हा वऱ्हाडात काहीच नाही, असे रडगाणे आम्ही गाणार नाही. परंतु संघटनेत काम केलेला माणूस इमारत पाहून समाधान मानीत नाही, तो आतली हजेरी तपासतो. रुग्णालयात दुर्बीण असणे ही एक गोष्ट. ती मुलाच्या घशाला पेलेल इतकी बारीक असणे ही दुसरी. आणि ती चालविणारा हात व मुलाला भूल देणारा डॉक्टर त्याच दिवशी, त्याच वेळी हजर असणे ही तिसरी. या तिन्ही जुळल्या तरच मुलाच्या पोटाला डोळा मिळाला असे म्हणता येईल.

आणि चौथी गोष्ट रस्त्याची आहे. धारणीहून निघालेली आई घाट उतरून परतवाड्यास येते, तेथून अमरावतीस. मूल उपाशी ठेवावयाचे आहे, एस. टी. चा भरवसा नाही, आणि बापाचा रोज बुडालेला. दुपारी पोचल्यावर ‘आज यादी संपली, परवा या,’ हे शब्द कानी पडले, तर ती बाई परवा येणार नाही. ती गावी परत जाईल, आणि तेथे लोखंड तापविणारा आहेच. त्याच्याकडे यादी नाही, खिडकी नाही, चिठ्ठी नाही. डंबा मोडावयाचा असेल, तर नुसत्या व्याख्यानांनी तो मोडणार नाही. तापलेल्या लोखंडाइतकी दुर्बीण जवळ आली पाहिजे, निदान तिच्यापर्यंतची वाट तितकी सोपी झाली पाहिजे. दुरून येणाऱ्या मुलांचा क्रम आधी लावावा, त्यांना आदल्या रात्री आईसह मुक्कामाला जागा द्यावी, आणि तारीख देताना गावाचे नाव विचारावे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. आपण या दोन्ही शहरांतले नागरिक आहोत. रुग्णालयांच्या समित्यांवर आपली माणसे बसतात, आपल्या मतांवर निवडून जातात. ही मागणी आपणच करावयाची आहे, कारण धारणीच्या त्या बाईला आमच्या या सभेचे निमंत्रण गेलेले नाही.

शेवटी एवढेच. मेणबत्तीपासून काचेच्या तंतूपर्यंत या दुर्बिणीचा इतिहास दोनशे वर्षांहून मोठा आहे. त्यात पंडित आहेत, तसे होडीवाला मजूर, जत्रेतला खेळकरी, कारागीर आणि विशीतला विद्यार्थीही आहेत. एवढ्यांनी मिळून जो उजेड मुलाच्या पोटापर्यंत नेला, तो वऱ्हाडातल्या प्रत्येक मुलाला, खरी गरज पडेल तेव्हा, वेळेवर मिळावा. आणि त्या उजेडात जे दिसेल, त्याचे घर आपल्या हंड्यात, मोरीत की गटारात आहे, हेही आपण उठून पाहावे.